बेव्हिलाक्वा, बिवलकर आणि ताकभाते

बेव्हिलाक्वा घराण्याचा मूळपुरुष सरदार नव्हता. तो वाइनच्या पिंपांची गाडी हाकणारा गाडीवान होता, आणि वाहिलेल्या मालापैकी बराचसा त्याच्याच पोटात जात असे. हे मी आरंभीच स्पष्ट करतो, कारण गेल्या वर्षी त्याच घराण्यातल्या मायकलने जी गुळगुळीत कागदाची पुस्तिका छापून घेतली तिच्यात याच्या नेमके उलटे लिहिले आहे आणि त्या असत्याखाली साक्षीदार म्हणून मला उभे केले आहे. माझे नावसुद्धा धड दिलेले नाही. 'मिस्टर टेट, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू' असे तिथे छापले आहे. सत्तरीला टेकलेल्या माणसाने एका पुस्तिकेवरून इतके चिडावे का, असे माझी सून विचारते. चिडावे. ज्या संध्याकाळविषयी ती पुस्तिका बोलते त्या संध्याकाळी मी त्या टेबलाशी बसलो होतो, आणि माझ्या आयुष्याला जे काही वळण लागले ते तिथेच लागले. मायकलचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

दुसरा उपद्रव आमच्याच माणसांकडून. टोरांटोच्या नॉर्थ यॉर्क भागात माझ्या कॉन्डोपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक निवृत्त डॉक्टर राहतात. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकात त्यांनी एक लेख लिहिला. बेव्हिलाक्वा हे आडनाव मुळात कोकणातले बिवलकर असून, गलबतांवरून पश्चिमेकडे गेलेल्या कोण्या धाडसी बिवलकराचे वंशज इटलीत स्थायिक झाले, असा त्यांचा सिद्धांत आहे. पुरावा म्हणून त्यांनी माझ्या आईचा दाखला दिला आहे. आता आईचे म्हणाल तर तिची जीभ सगळ्यांना आपल्याकडचे करून घेत असे, एवढाच तो पुरावा. 'बेव्हिलाक्वा' तिला उच्चारता येईना, म्हणून पहिल्याच आठवड्यात तिने घरमालकांचे 'बिवलकर' करून टाकले. "बिवलकर आजोबांना विचार, हीटर का चालत नाही," असे ती मला सांगायची आणि मी विचारून यायचो. यातून गलबते काढणारे लोक शस्त्रक्रिया कशा करत असतील याचा मी फारसा विचार करत नाही.

आम्ही बार्शीहून टोरांटोला आलो तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. बाबा तिकडे इंजिनिअर होते. इकडे विजेची उपकरणे बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांना ड्राफ्ट्समनचे काम मिळाले होते. आमचा वरचा मजला म्हणजे दोन खोल्या, एक उतरत्या छताचे स्वयंपाकघर आणि जिन्यालगतची वॉशरूम. खाली सिन्योर दोनातो बेव्हिलाक्वा, त्यांची पत्नी, जिला आम्ही सिन्योरा म्हणत असू, आणि लग्नाला आलेला मुलगा फ्रँक. जन्माने तो फ्रान्चेस्को, पण आम्ही पोहोचेपर्यंत तो फ्रँक झालेला होता. त्या घरात तळमजल्यावर एक देखणे स्वयंपाकघर होते, पांढरी कपाटे, चकचकीत शेगडी, आणि त्यात कोणी कधी चहासुद्धा केला नाही. खरा संसार बेसमेंटमध्ये. तिथे दुसरी शेगडी, दुसरे सिंक, लांबलचक टेबल, आणि कोपऱ्यात वेताच्या टोपल्यांत बसवलेल्या काचेच्या पोटफुग्या बरण्या, ज्यांत घरची वाइन आंबत असे. ती आंबताना बुडबुड असा आवाज येई. आमच्या वरच्या खोलीत उष्ण हवेच्या झडपेला कान लावला तर तो ऐकू यायचा. झडपेतून आवाज येत आणि वासही येत: भाजलेल्या मिरच्यांचा, लसणाचा, आणि भाद्रपद उलटता उलटता टोमॅटोचा. टोमॅटोचा दिवस हा त्या घरातला सण. अंगणात टोपल्या रचलेल्या, हाताने फिरवायचे यंत्र टेबलाला घट्ट आवळलेले, सिन्योरा कोपरापर्यंत लाल. आईने त्या दिवशी पदर खोचला आणि कोणी न बोलावता कामाला बसली. दोघींना एकमेकींच्या भाषेतले एक अक्षरही कळत नव्हते, पण संध्याकाळपर्यंत मीठ कमी पडले आहे यावर त्यांचे कडाक्याचे भांडण होऊन मिटलेलेही होते.

जेवताना त्या टेबलावर पाणी नसे. लहानथोर सगळ्यांना वाइन, लहानांना जरा पातळ केलेली. आम्ही न पिणारे. पहिल्यांदा जेवायला बोलावले तेव्हा बाबांनी संकोचून पाणी मागितले, तर सिन्योर दोनातो खुर्चीतून उठले, नळ सोडून पाणी गार होईपर्यंत थांबले, आणि भरलेला जग दोन्ही हातांनी धरून मिरवणुकीत आणावा तसा घेऊन आले.

"इतक्या वर्षांनी," ते म्हणाले, "या घरात माझ्या नावाचा मान राखणारं कोणी आलं."

आम्हाला काही कळेना. तेव्हा त्यांनी आपले आडनाव दोन तुकडे करून समजावले. बेव्ही, म्हणजे पी. लाक्वा, म्हणजे पाणी. त्यांचे इंग्रजी आणि माझे इंग्रजी ही दोन्ही त्या काळी सारखीच नवीन होती. त्यामुळे आमचे एकमेकांशी जितके जुळले तितके या देशात जन्मलेल्यांशी कधी जुळले नाही. मला ते 'प्रोफेसोरे' म्हणत, कारण माझ्या डोळ्यांवर चष्मा होता.

"आणि तुझं नाव, प्रोफेसोरे? त्यात काय आहे?"

"ताक आणि भात," मी म्हटले. ताक म्हणजे काय हे सांगायला बराच वेळ लागला. दुसऱ्या दिवशी आईने वाडगाभर ताकभात खाली पाठवला, वरून मोहरी-हिंगाची फोडणी, बाजूला लिंबाच्या लोणच्याची फोड. सिन्योर दोनातोंनी तो तळ दिसेपर्यंत खाल्ला, वाडगा पुसून घेतला, आणि माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. "मी तुझं आडनाव खाल्लं. आता तू माझं पी." पुढे दर रविवारी हेच चालू झाले. वाडगा खाली जायचा, ग्लास माझ्यापुढे यायचा.

आडनावाचा उगम त्यांनी मला कसा सांगितला, तो शब्दशः माझ्या कानात आहे. कालाब्रियातल्या डोंगरात त्यांचे गाव. तिथे कोणे एके काळी त्यांच्याच नावाचा एक दोनातो होता, दुसऱ्यांची वाइन खालच्या बाजारात पोहोचवणारा. संध्याकाळी तो गाडीवर आडवा होऊन परत येई. बैलच त्याला घरी आणत. बायको दारातच विचारी, काय प्यायलास. तो म्हणे, पाणी. इतक्या वेळा म्हणाला की गावाने त्याचे तेच नाव ठेवले. पाणीपित्या आला, पाणीपित्या पडला, पाणीपित्याची पोरे. पाद्र्यानेही वहीत तेच लिहिले. आपल्याकडे टकलूला 'केशवराव' म्हणतात तशी ती गंमत. सांगताना सिन्योर दोनातो इतके हसत की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागत.

मग ते पावाचे तुकडे टेबलावर मांडत. मधला मोठा तुकडा म्हणजे गाव. एक चुरा वर उत्तरेला, तिथे एक भाऊ मोटारींच्या कारखान्यात. मिठाच्या भांड्यापलीकडे ब्राझील, तिथे आजोबांचे दोन भाऊ. त्याखाली अर्जेंटिना. टेबलाच्या पार कडेला टोरांटो, म्हणजे आपण. एकदा मी मोठ्या उत्साहाने सांगितले की मॉन्ट्रियलमध्ये 'बुआलो' आडनावाचे लोक आहेत आणि फ्रेंचमध्ये त्याचाही अर्थ पाणी पी असाच होतो. त्यांनी एक बारीक चुरा उचलला, क्षणभर पाहिला आणि टिचकीने खाली उडवला. "फ्रेंच," ते म्हणाले. "चोरलं असेल."

जगातले सगळे बेव्हिलाक्वा आपल्याच गावातून निघाले असा त्यांचा ठाम समज होता. हा समज चुकीचा होता, आणि मी माझ्या आवडत्या माणसांच्याही चुका झाकत नाही. आता मी त्यावर पुष्कळ वाचले आहे. हे आडनाव इटलीत अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे उगवलेले दिसते, आणि ते साहजिकच आहे. जिथे जिथे पिणारा होता आणि शेजारी टवाळ होते, तिथे तिथे ते उगवणारच. पण मायकलच्या पुस्तिकेत घराण्याचे चिन्ह म्हणून छापलेल्या ढालीला, तिच्यावरच्या सिंहाला, आणि तहानलेल्या राजपुत्राला आपल्या शिरस्त्राणातून पाणी पाजणाऱ्या त्या सरदाराला कालाब्रियाच्या डोंगरात कोणीही ओळखणार नाही. कंप्युटरवर आडनाव टाईप केले की अशी ढाल विकत मिळते. ताकभाते टाईप केले तर मिळत नाही. मी पाहिले आहे.

आमच्या आडनावाचा उगम बाबा असा सांगत की एका तपस्वी पूर्वजाने बारा वर्षे फक्त ताकभातावर राहून व्रत केले. मी तो सिन्योर दोनातोंना सांगितला. त्यांनी मान हलवली.

"व्रताचं कोणी नाव ठेवत नाही. पहिल्यांदा कोण हसलं ते विचार."

मी आईला विचारले. ती बराच वेळ पदर तोंडाला लावून हसत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या बाबांना सांगू नकोस मी सांगितलं म्हणून. मला सासूबाईंनी सांगितलंय. मुलीच्या लग्नात अख्ख्या वऱ्हाडाला नुसता ताकभात वाढला होता. इतके चिकट."

बाबांनी ते अखेरपर्यंत मान्य केले नाही. मी मात्र त्या दिवसापासून खऱ्या उगमालाच धरून आहे.

त्या हिवाळ्याच्या तोंडाशी दोन गोष्टी एकाच वेळी शिजत होत्या. ऑफिसात बाबांचा वरिष्ठ त्यांच्या नावाशी काही दिवस झटापट करून थकला आणि म्हणाला, 'टेट' म्हटलं तर चालेल का? बाबांना चालले. त्यांच्या टेबलावर तशी पितळी पाटी आली आणि ते ती रुमालाने पुसू लागले. मला युनिव्हर्सिटीला अप्लाय करायचे होते, आणि बाबांचे म्हणणे असे की मीही आताच टेट व्हावे. डिग्रीवर एक नाव आणि तोंडात दुसरे, असे नको. माझी त्याला हरकत होती पण तिला कारण सापडत नव्हते.

आणि खाली फ्रँक इन्शुरन्सच्या कचेरीत वर चढू पाहत होता.

सिन्योर दोनातोंच्या अंगणात अंजिराचे झाड होते. गावाहून आणलेल्या फांदीचे. या थंडीत ते जगत नाही, म्हणून दरवर्षी बर्फाआधी त्याला पुरत. एका बाजूची मुळे तोडायची, झाड दोराने बांधून खोदलेल्या चरात हळूहळू आडवे करायचे, वर फळ्या, पाने, माती. त्या रविवारी आम्ही सगळे त्यासाठी लागलो होतो. बाबाही कोट काढून फावडे मारत होते. फ्रँक ऑफिसचे बूट घालून पायऱ्यांवर उभा होता. काम आटोपून बेसमेंटमध्ये जेवायला बसलो. सिन्योराने पास्ता आणि घेवड्याचे दाटसर सूप केले होते, आमच्यासाठी मांस न घालता. सिन्योर दोनातोंनी स्वतःसाठी वाइनचा ग्लास भरला होता, पण अजून उचलला नव्हता.

"पा," फ्रँक म्हणाला, "ते झालं. कागद आले. मी आता फ्रँक ड्रिंकवॉटर."

सिन्योर दोनातोंनी त्याच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहिले. "प्रोफेसोरे, याचा अर्थ काय?"

"पाणी पी," मी म्हटले. "तोच अर्थ."

"तोच?"

"तोच, पा," फ्रँक म्हणाला. "मी तेच तर सांगतोय. काहीच बदललं नाही. फक्त ट्रान्सलेट केलं."

त्यांनी त्यावर पुष्कळ विचार केला. ते रागावलेले नव्हते. एखादे यंत्र खोलून पुन्हा जोडल्यावर एक तुकडा हातात उरावा तसा त्यांचा चेहरा होता. मग त्यांनी विचारले, "ऑफिसात नाव सांगितलंस तेव्हा कोण हसलं?"

"कोणी नाही हसलं, पा. म्हणूनच तर केलं."

सिन्योर दोनातो उठले. भरलेला ग्लास त्यांनी वाइनच्या सुरईत परत ओतला, एक थेंबही सांडू न देता. नळाशी गेले, ग्लास विसळला, पाण्याने काठोकाठ भरला, आणि आम्हा सगळ्यांकडे तोंड करून उभ्याने, न थांबता, संपूर्ण प्यायले. मग ग्लास टेबलावर उलटा ठेवला.

"आता खरं झालं," ते म्हणाले, आणि सूप प्यायला बसले.

कोणी हसले नाही. हे जितक्या ठळक अक्षरांत छापता येईल तितक्या ठळक छापावे अशी माझी इच्छा आहे. पुस्तिकेत लिहिले आहे की आजोबा खदखदून हसले, त्यांनी वाइनचा ग्लास उंचावला आणि मुलाला नव्या नावासाठी आशीर्वाद दिला. वाइन नव्हती. आशीर्वाद नव्हता. जेवताना फक्त चमचे वाजत होते आणि कोपऱ्यात बरण्यांची बुडबुड चालू होती. त्यानंतर आम्ही त्या घरात जितकी वर्षे राहिलो तितकी वर्षे, फ्रँक टेबलाशी असला की सिन्योर दोनातो पाणीच पीत. उलट्या ग्लासाचा ओला गोल त्या लाकडावर मी सुकताना पाहिला आहे.

वर जाताना जिन्यात बाबा म्हणाले, "पाहिलंस? फ्रँक प्रॅक्टिकल मुलगा आहे. म्हातारा उगाच नाटकं करतो."

तोपर्यंत न सापडलेले कारण मला तिथेच जिन्यात सापडले. "मी ताकभातेच लिहिणार," मी म्हटले.

"कोण उच्चारणार ते?"

"ज्याला माझ्याशी काम असेल तो."

"मूर्खासारखं बोलू नकोस. टॅकबेट म्हणतील. हसतील तुला."

"हसू देत."

बाबांचा आवाज चढला. उष्ण हवेच्या झडपेतून तो खाली सगळ्यांना ऐकू जात असणार. आई रिकामा वाडगा हातात घेऊन पायरीवर थांबली होती. "अहो, टेट म्हणजे काय हो?" तिने विचारले.

"काही नाही गं. अर्थ नसतो त्याला. नुसतं नाव आहे."

"काहीच नाही?" आई म्हणाली. "ताकभात निदान खाता तरी येतो."

बाबा माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. ते निवृत्त होईपर्यंत ऑफिसात टेटच राहिले आणि त्यांनी मला कधी माफ केले असे मला वाटत नाही. मीही माफी मागितली नाही. वर्गात मला टॅकबेट म्हणत. लोक हसत. मी त्यांना थांबवून, दोन तुकडे करून, नाव समजावत असे.

आता मायकलविषयी. माणूस वाईट नाही. फ्रँकचा हा मुलगा ड्रिंकवॉटर म्हणून वाढला आणि दोन-तीन वर्षांपूर्वी कायदेशीर अर्ज करून पुन्हा बेव्हिलाक्वा झाला. सिन्योर दोनातो हे पाहायला हवे होते असे मला पहिल्यांदा वाटले. मग कळले की त्याला मार्कहॅममध्ये वाइन बार उघडायचा होता आणि ड्रिंकवॉटर नावाच्या माणसाकडे वाइन प्यायला कोण येणार. त्याने माझ्याकडून आठवण लिहून मागितली. मी चार दिवस बसून लिहून दिली. छापून आली ती वर सांगितल्याप्रमाणे. मी फोन केला.

"अंकल, लोकांना हॅपी स्टोरी लागते," तो म्हणाला. "आणि डॅड नेहमी असंच सांगतात, की नोन्नो हसले."

"तुझे डॅड खोटं सांगतात. आणि मिस्टर टेट कोण?"

"तुम्ही ना? डॅड म्हणतात, वरचे टेट्स."

"टेट माझे वडील होते, तेही फक्त ऑफिसात."

"ओके, ओके. नेक्स्ट प्रिंटमध्ये फिक्स करतो." पुढची आवृत्ती निघणार नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

तरीही बार उघडण्याच्या दिवशी मी गेलो. सुनेने गाडीला विंटर टायर्स बसवून घेतले, मला तिथे सोडले आणि बजावले, "बाबा, प्लीज, आज वाद नको." भिंतीवर ती ढाल, सिंहासकट. पुस्तिकांचा गठ्ठा दाराशी. कोपऱ्यातल्या खुर्चीत फ्रँक बसला होता. त्याचे केस गेले आहेत, हात थरथरतात, आणि बसण्याची ढब हुबेहूब सिन्योर दोनातोंची झाली आहे. मायकलने सगळ्यांचे ग्लास भरले आणि बेव्हिलाक्वा घराण्याच्या नावाने उंचावले. मी वेटर मुलीकडे पाणी मागितले.

"बेव्हिलाक्वाच्या बारमध्ये पाणी," जवळ उभा असलेला एक इटालियन म्हातारा म्हणाला आणि मोठ्याने हसला. त्याच्यामुळे आणखी चार जण हसले. त्या नावावरचे हसणे मी इतक्या वर्षांनी पुन्हा ऐकत होतो. मी उभा राहिलो, ग्लास संपूर्ण प्यायलो, आणि फ्रँकसमोरच्या टेबलावर उलटा ठेवला.

फ्रँक त्या ग्लासाकडे पाहत राहिला. काचेखालून पाण्याचा गोल हळूहळू पसरत होता. त्याने आपला वाइनचा ग्लास बोटाने थोडा दूर सारला.

"काय झालं, डॅड?" मायकलने विचारले.

"काही नाही. तू जा, लोकांकडे बघ." तो गेल्यावर फ्रँक माझ्याकडे वाकला आणि मला एकट्यालाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाला, "उलटा ठेवला होता त्याने, टेट. कोणीच हसलं नव्हतं."

"ताकभाते," मी म्हटले.